संकलन

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी लग्नं कापतो.
सोळा तासांचं लग्न दीड तासात बसवतो,
त्यातही भटजी कमी, ड्रोन जास्त,
असं गिऱ्हाईकच सांगतं.
परवा कवलापूरच्या एका लग्नातून
चाळीस सेकंद उडवले :
नवरीची गाडी गेल्यावर तिचा बाप
मांडवाच्या दारात चपला शोधतोय.

तेजल कोळेकर पेनड्राइव्ह घेऊन आली.
चौदा मिनिटं, म्हणाली. एकच शॉट.
मग माझ्याकडं कशाला आणलंस?
बघ तर.

मिरज. सतारमेकर गल्ली.
छताला टांगलेले भोपळे.
लाखेचा वास पडद्यातून येत नाही,
तरी मी खिडकी उघडली.
दस्तगीरचाचा तंबोऱ्याची जवारी काढतायत.
समोर नात, तहसीन,
तारेखाली दोरा सरकवते,
केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं.
छेडते.
चाचा म्हणतात, अजून न्हाई.

तिसऱ्या मिनिटाला जवारी लागते.
मला कळतं, तहसीनला कळतं,
उंबऱ्यावरच्या मांजरालाही बहुतेक.
खर्ज असा उमलतो
की माझ्या स्वस्तातल्या स्पीकरवरची धूळ हलते.
चाचा म्हणतात, अजून न्हाई.

इथं मी कापलं असतं.
म्हाताऱ्याचा कान, पोरीचे डोळे, परत कान.
दोन सेकंदांत सगळ्यांना समजलं असतं
आणि सगळे सुटले असते.

कॅमेरा सुटू देत नाही.
तहसीन लागलेली जवारी बिघडवते,
पुन्हा लावते, पुन्हा बिघडवते,
चेहऱ्यावरची रेघ न हलवता.
सातवं मिनिट. नववं.
कोल्हापूरची गाडी शिट्टी देत जाते,
लाइट जाते, पंखा मंदावत मंदावत थांबतो,
कॅमेरा धरलेल्या पोराचा श्वास ऐकू येतो,
चाचा सोडून सगळ्यांना.

अकराव्या मिनिटाला ते
भोपळ्यावर कपाळ टेकतात.
ती छेडते.
ते तसेच राहतात.
किती वेळ, ते मी मोजलं नाही,
मी, जो फ्रेमा मोजून पोट भरतो.

मिरजेलाच, त्या गल्लीपासून चार चौक पुढं
दवाखान्यात अण्णा होते.
एका अल्बमची डिलिव्हरी होती.
सांगलीला आलो, रेंडरला लावलं, परत गेलो.
निघताना ते पंख्याकडं बघत होते.
पोचलो तेव्हा पंखा बंद होता.
मधलं माझ्याकडं नाही.
लोकांना सांगतो, शांतपणे गेले.
तो मी मारलेला जोड आहे.

चाचा कपाळ उचलतात. झालं, म्हणतात.
गोष्ट संपते, शॉट संपत नाही.
ते खोळ शोधतात, तंबोऱ्याला चढवतात,
नाडीला एक गाठ, तिच्यावर दुसरी.
तहसीन फरशीवरचे दोऱ्याचे तुकडे
बोटाच्या टोकानं उचलत बसते.
मग कुठूनतरी तेजलचाच आवाज, बारीक :
कट म्हणायचं राहिलं की गं.

शेवटची दोन मिनिटं काढूया का, तिनं विचारलं.
हात लावू नको, मी जरा जोरातच म्हणालो.

टाइमलाइनवर फिल्म आडवी पडलेली
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कुठंही सांधा नाही.
मी फक्त नावं टाकली.
‘संकलन’पुढं तिनं माझं नाव घालायला लावलं.
मी काय केलं, असं विचारेपर्यंत
ती जिना उतरून गेली होती.

रात्री कवलापूरचं लग्न परत उघडलं.
चाळीस सेकंद टाकाऊच्या फोल्डरमध्ये होते,
उचलून जागेवर ठेवले.
गिऱ्हाईक ओरडेल. ओरडू दे.

बाप चपला शोधतोय.
खुर्चीखाली बघतो, सतरंजी उचलतो,
आचाऱ्याला काहीतरी विचारतो.
अडतिसाव्या सेकंदाला खाली बघतो.
इतक्या पुढपर्यंत मी बघितलंच नव्हतं.
पायातच आहेत.